पंख्याच्या दोरीचं भोक बुजवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक आणि संग्रहालयाच्या देखभाल समितीचे सगळे सदस्य,
सिव्हिल लाईन्स, नागपूर

सप्रेम नमस्कार.

तुमचं संग्रहालय ज्या बंगल्यात आहे त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला कळलंच असेल, आणि ज्यांना शाळेच्या सहलीत रांगेनं तिथं नेलं होतं त्या नागपूरकरांनाही कळेल. नाव लिहिलं की खुलासा येतो, खुलाशावर खुलासा येतो आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. मला भांडण नको आहे. मला भिंतीतलं एक भोक परत पाहिजे.

हो, भोकच. मोठ्या जेवणाच्या हॉलची मागची भिंत, व्हरांड्याच्या बाजूनं, तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मधे, छतापासून हातभर खाली. त्याच्या खालच्या कडेला एक खाच होती, दोरी घासून घासून पडलेली, बोट ठेवलं तर अर्धं पेर आत बसायचं एवढी. मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी मला खांद्यावर उभं करून त्या खाचेत बोट घालायला लावलं होतं. तेव्हा तिथं संग्रहालय नव्हतं, सरकारी कचेरी होती आणि चौकीदार वडिलांच्या ओळखीचा होता. खाच आतून गुळगुळीत होती, काचेसारखी, एवढं आठवते. वडील म्हणाले, हे तुझ्या पणजोबानं केलंय.

मागच्या महिन्यात पुण्याहून भाचा आला होता, इंजिनीअरिंगला आहे, त्याला म्हटलं चल तुला आपल्या घराण्याचं एकुलतं एक स्मारक दाखवतो, तिकीट काढलं, आत गेलो, आणि भिंत सपाट! मला वाटलं माझीच भिंत चुकली, व्हरांड्यात जाऊन खांब मोजले, परत आत आलो, परत बाहेर. तुमचा गार्ड बघत होता. म्हणे, "काका, काय शोधून राहिले?" सांगितलं. तर म्हणे, "अच्छा ते होल! बुजवलं ना. पाली यायच्या त्यातून."

पुट्टी मारून, ऑफव्हाइट रंग देऊन, वर सोनेरी फ्रेम लावली आहे, खाली लिहिलंय सेल्फी पॉइंट. आणि त्याच भिंतीत, तिथून चार फुटांवर, ए.सी.च्या पाइपसाठी ड्रिल मारून नवीन भोक पाडलंय. त्यातून पाली येत नाहीत वाटते.

आता हे भोक म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण तुमच्या संग्रहालयात ते कुठंही लिहिलेलं नाही. वीज यायच्या आधी इंग्रज साहेबाच्या हॉलमधे छताला लाकडी चौकट टांगलेली असायची, खाली कापडाची झालर. चौकटीला दोरी, दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात, तिथं कप्पीवरून खाली, आणि खाली बसलेला माणूस ती दोरी ओढायचा, सोडायचा, ओढायचा, सोडायचा. आत साहेब जेवून राहिला, पत्ते खेळून राहिला, झोपून राहिला, बाहेर हा ओढूनच राहिला. नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या वर जाते. आतल्या दारांना वाळ्याच्या ताट्या, त्यावर भिश्ती पाणी मारायचा, त्यामुळं आत थंड वास आणि बाहेर व्हरांड्यात सरळ झळा. हात भरून आले की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि आडवं पडून पाय हलवायचा.

माझा पणजोबा हे काम करायचा. आजी त्याला बा म्हणायची. बाच्या उजव्या अंगठ्याला घट्टा होता आणि अंगठा थोडा आत वळलेला होता, म्हातारपणी चप्पल त्याला नीट बसायची नाही म्हणून आजी पट्टा कापून द्यायची. आमच्याकडं बाचा फोटो नाही, सही नाही, जन्माचा दाखला नाही. तो अंगठा १९५० च्या आसपास त्याच्यासोबत गेला. राहिली होती ती खाच. माणसानं हातापायानं वीट-चुन्यात पाडलेली खूण, म्हणजे एका अर्थी त्याची सहीच होती ती, आणि तुम्ही त्यावर पुट्टी मारली.

मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ठेकेदाराच्या पोरानं भोक पाहिलं, बुजवलं. पण त्याला कोणी सांगितलं नाही की हे बुजवायचं नाही, कारण सांगणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. राग त्याचा आहे.

बरं, एवढ्यावरच थांबलं असतं तर एखादा अर्ज लिहून गप्प बसलो असतो. पण बाहेर पडताना मागं गेलो, औटहाऊसकडं. सात खोल्यांची ती ओळ, कवेलूची, पुढं पडवी. आजी त्यातल्या पाचव्या खोलीत वाढली. सातही खोल्यांच्या दारांवर लाल रंगानं फुल्या मारलेल्या. ऑफिसात जाऊन विचारलं तर कळलं की पाडणार आहेत, पार्किंग आणि कॅफे होणार आहे. मी म्हटलं अहो हेरिटेज आहे ना हे, तर टेबलावरचे साहेब शांतपणे म्हणाले, हेरिटेज मेन बिल्डिंग आहे, औटहाऊस त्याच्यात येत नाही.

म्हणजे साहेबाचं घर हेरिटेज आणि साहेबाला जगवणाऱ्यांचं घर म्हणजे जागा अडवणारं बांधकाम. हे तुम्ही आज ठरवलं असं नाही, हे तर बंगला बांधतानाच ठरलं होतं, म्हणून तर ती ओळ झाडांच्या मागं, दिसणार नाही अशी बांधली. पण तुम्ही तर इतिहासाचं संग्रहालय चालवून राहिले ना? मग त्यांचंच काम तुम्ही पुढं कशाला नेता?

आता आतलं सांगतो, जे दिसलं ते.

पहिल्या खोलीत नागपूरच्या इतिहासाचा फलक आहे, इंग्रजी वर मोठं, मराठी खाली बारीक. त्यात मराठीत असं वाक्य आहे की रिचर्ड जेन्किन्स हे १८०७ पासून नागपूरचे रहिवासी होते. मी तीनदा वाचलं. मग ट्यूब पेटली. इंग्रजीतला रेसिडेंट तुम्ही भाषांतराच्या मशीनमधे टाकला आणि रहिवासी बाहेर आला! अहो, रेसिडेंट म्हणजे भोसल्यांच्या दरबारात बसवलेला कंपनी सरकारचा माणूस. बसला होता राजावर नजर ठेवायला. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ तारखेला लढाई झाली, आप्पासाहेब भोसले हरले, त्यानंतर नागपुरात खरं राज्य या रहिवाशाचंच होतं. १८५३ ला तिसरे रघुजी वारले, औरस वारस नाही म्हणून पुढच्या वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. हे सगळं त्या एका शब्दात आहे आणि तुमच्या फलकावर जेन्किन्स म्हणजे जणू धरमपेठेत भाड्यानं राहणारे कोणी गृहस्थ. हसू आलं, खोटं कशाला बोलू. भाचा तर फोटो काढून घेऊन गेला.

पण घरी आल्यावर तोच शब्द डोक्यात फिरत राहिला. कारण त्या बंगल्यात साहेब कधी जास्त राहिलेच नाहीत. आजी सांगायची, साहेब यायचे, दोन-तीन वर्षांत बदली, नवा साहेब, नवी मडम, नवे पडदे. त्यातही उन्हाळा लागला की सरकार पचमढीला, फायली, खानसामे, घोडे, सगळं बैलगाड्यांवर लादून. बा मात्र इथंच, कारण मागं राहिलेल्या धाकट्या साहेबाला पंखा लागायचाच. खानसाम्याच्या तीन पिढ्या त्या ओळीत झाल्या, माळ्याच्या दोन, आमच्या दोन. लेकरं तिथं जन्मली, म्हातारे तिथं गेले. रहिवासी हा शब्द तुमच्या फलकावर बरोबर आहे, फक्त चुकीच्या माणसापुढं लिहिला गेलाय.

दुसऱ्या खोलीत वाघाची कातडी, बंदुका, चहाचे सेट. यावर मला काही म्हणायचं नाही, लोकांना आवडते, पोट्टे वाघापुढं उभे राहतात, राहू द्या. पण तिसऱ्या खोलीत तो मोठा फोटो आहे ना, पायऱ्यांवरचा. साहेब, मडम, दोन मुलं, कुत्रा, मागं उभी अकरा माणसं. खाली सगळ्यांची नावं दिली आहेत, कुत्र्याचंही, टॉबी. मागच्या अकरांसाठी दोनच शब्द, इमानदार नोकरवर्ग. इमानदार कशावरून? त्यांना कोणी विचारलं होतं? पगार कमी, दुसरं काम नाही, घर साहेबाच्या कंपाऊंडात, मग माणूस इमानदार नाही राहील तर काय करेल. डावीकडून चौथा बा आहे असं आजी म्हणायची, एका कचेरीच्या समारंभात तिनं तो फोटो पाहिला होता आणि ती बराच वेळ त्याच्यासमोर उभी होती असं आई सांगते. खात्रीनं मी सांगू शकत नाही, चेहरा पुसट आहे आणि पाय दिसत नाहीत.

आणि १९२३ कुठं आहे? शोध शोध शोधलं. सिव्हिल लाईन्समधे संग्रहालय आणि झेंडा सत्याग्रहाची एक ओळ नाही! चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाईन्समधे यायला बंदी होती म्हणून तर तो सगळा लढा झाला. १ मे १९२३ पासून रोज जथे निघायचे आणि अडवले जायचे, पकडले जायचे, जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल आले, देशभरातून स्वयंसेवक नागपुरात उतरले, आणि शेवटी १८ ऑगस्टला झेंडा घेऊन मिरवणूक याच रस्त्यांवरून गेली. आजी तेव्हा पाच वर्षांची. त्या दिवसांत बंगल्यातल्या नोकरांना गेटच्या बाहेर पाय टाकायचा नाही असा हुकूम होता, आणि बा पंखा सोडून पेरूच्या झाडावर चढून बघत होता म्हणून त्याचा दोन दिवसांचा पगार कापला. ही आमच्या घरची गोष्ट, कागद नाही माझ्याकडं. पण सत्याग्रहाचे कागद तर ढीगभर आहेत, ते तरी लावा.

पुण्याचा आगाखान पॅलेस बघा. १८९२ चा महाल, बांधला कोणी ते नावातच आहे, पण लोक तिथं जातात ते तिथं कोणाला डांबून ठेवलं होतं ते बघायला. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथंच गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला तिथंच गेल्या, त्यांच्या समाध्यांपुढं माणूस आपोआप हळू बोलतो. लांब कशाला, आपल्या चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचा टाइपरायटर, त्यांचे कपडे बघायला लोक कुठून कुठून येतात. वस्तू साधी असली तरी चालते हो, ती कोणाच्या हातातली ते सांगावं लागते.

अजून एक, हे माझ्या धंद्यातलं. मी बत्तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होतो. तो बंगला विटेचा आणि चुन्याचा आहे. दगडी चाकाच्या घाणीत मळलेला चुना, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, जुने मिस्त्री सांगायचे. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा प्लास्टर आणि पुट्टी मारली की ओल आत कोंडते, मग मीठ फुटते, पापुद्रे येतात आणि पडताना सिमेंट आपल्याबरोबर जुनी वीटही घेऊन पडते. उत्तरेकडच्या खोलीत एका पावसाळ्यातच फुगे आलेत, मी हात लावून पाहिलं, गार्डनं ओरडलं, बरोबर केलं त्यानं. पण भोक बुजवताना जी चूक झाली तीच पूर्ण बंगल्याला होऊन राहिली आहे, हे कोणीतरी तुमच्या समितीत सांगायला पाहिजे. चुन्याचं काम करणारे मिस्त्री अजून मिळतात. महाग पडतात, वेळ घेतात, पण मिळतात.

बाकी किरकोळ. संडासाला कुलूप. लॉनवर प्री-वेडिंग शूट चालू होतं आणि त्यांच्यासाठी आम्हाला दहा मिनिटं व्हरांड्यात थांबवलं. नवरी बिचारी लाजून सॉरी म्हणाली, तिचा काही दोष नाही.

तर मागण्या अशा.

औटहाऊसच्या सातही खोल्या पाडायच्या नाहीत. लाल फुल्या पुसा आणि तसं लेखी द्या. पार्किंग समोरच्या मोकळ्या जागेत होते, मी पावलांनी मोजून पाहिलं. कॅफेच पाहिजे तर त्यातल्या दोन खोल्यांत करा, माझी हरकत नाही, खानसाम्याच्या खोलीत चहा मिळाला तर उलट शोभेल, पण उरलेल्या पाच खोल्यांत तिथं राहणाऱ्यांचं जगणं मांडा. भिश्त्याची पाण्याची मशक, वाळ्याची ताटी, इस्त्री, पाळणा, जे मिळेल ते.

हॉलमधलं भोक उघडा. ड्रिलनं नाही. हातानं, छिन्नीनं, हळू, चुन्याच्या मिस्त्रीकडून, नाहीतर पुट्टीबरोबर ती खाचही निघून जाईल आणि मग काय उघडलं आणि काय बुजवलं सारखंच. सेल्फी पॉइंट वाघासमोर न्या, तिथं तसेही सगळे फोटो काढतातच.

फोटोखालचं इमानदार काढा. त्या अकरा माणसांची नावं शोधायला पेपरात जाहिरात द्या, सदर, मोहननगर, इंदोरा, टेकडी लाइन, जिथं जिथं या लोकांची नातवंडं आज राहतात तिथं माणूस पाठवा. सगळी नाही मिळणार. चार मिळाली तरी चार लिहा, बाकीच्यांपुढं नाव मिळाले नाही असं लिहा, ते इमानदार पेक्षा बरं.

जेन्किन्सचा फलक दुरुस्त करा आणि १९२३ चा नवा लावा, मराठी वर, मोठ्या अक्षरात. आणि सिमेंटचं काम आजपासून बंद.

हे सगळं अर्जात लिहून मी आधीच दिलंय, पोचही घेतली. तीन आठवडे झाले, उत्तर नाही, म्हणून हे असं उघड्यावर लिहावं लागलं.

आता शेवटचं. आमच्या घरी ती कप्पी आहे. पंखा काढला तेव्हा सामान भंगारात चाललं होतं, बानं ती मागून घेतली, पुढं त्याला माळीकाम दिलं. शिसवीची आहे, मधली खाच एका बाजूनं जास्त झिजलेली, कारण बा नेहमी डावीकडून ओढायचा. आजीनं तिच्यावर वीसेक वर्षं विहिरीचं पाणी काढलं. मी दोन वर्षांपूर्वी ती संग्रहालयाला द्यायला आलो होतो, तेव्हा मला तीन प्रतींत फॉर्म दिला होता, त्यात एक रकाना होता, वस्तूचे अंदाजे मूल्य. मी तो फॉर्म घरी घेऊन गेलो आणि तो रकाना अजून रिकामा आहे. दुसरा रकाना होता, मूळ स्थान. तो मी तेव्हाच भरला होता, हॉलची मागची भिंत, तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मधे, आणि आता तोही खोटा ठरला.

भोक उघडलं तर कप्पी तुमची. पावती नको, पैसे नको, नाव बाचं लिहा, ते मी समोर येऊन सांगेन, बरोबर लिहिलं का ते बघून जाईन.

येत्या शनिवारी सकाळी अकराला मी येऊन राहिलो आहे, नेमकी जागा दाखवायला. कोणीतरी जबाबदार माणूस हजर ठेवा. शिडी तुमच्याकडं नसेल तर कळवा, माझ्याकडं आहे, ऑटोवर बांधून आणतो.

आपला,
पाचव्या खोलीतल्या पंखेवाल्याचा पणतू
नागपूर